मवाळ न्यायमूर्तीचं चरित्र लिहायचं असेल तर

एक दोनशेपानी वही आणा. फुलस्केप मिळाली तर उत्तम. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ मारा आणि वर डावीकडे ‘नोकरी’, उजवीकडे ‘सार्वजनिक काम’ असं लिहा. चरित्राचं एकही वाक्य लिहायच्या आधी ही वही भरायची.

मी एकतीस वर्षं मुंबई उच्च न्यायालयात लघुलेखक होते. राहते गिरगावात, प्रार्थना समाजाच्या बसथांब्यापासून चालत पाच मिनिटांवर. माझी भाची कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजच्या अंकासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यावर लिहायचं होतं. पहिला खर्डा घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, यात काही घडतच नाही गं. टिळकांवर लिहायला घेतलं असतं तर खटले आहेत, तुरुंग आहे, मंडाले आहे. इथे नुसत्या बदल्या आणि सभा.”

तिचं म्हणणं मला समजलं. मीही कधीकाळी असाच एक लेख लिहिला होता, आणि त्यात रानड्यांना राष्ट्रसभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अध्यक्ष करून टाकलं होतं. ते कधीच अध्यक्ष नव्हते, होऊच शकत नव्हते. ती चूक छापून आली आणि मला अनेक महिने लागून राहिली. तेव्हापासून मी ही वहीची पद्धत धरली. तीच इथे सांगते. उदाहरण रानड्यांचं घेते, पण तेलंग, चंदावरकर, तय्यबजी, त्या काळातल्या कोणत्याही न्यायमूर्तीवर लिहायचं असलं तरी वाट हीच.

वही कशी भरायची

कोर्टात प्रत्येक प्रकरणाचा रोजनामा असतो. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, काय मागितलं, काय हुकूम झाला, एवढंच त्यात येतं. कोणाला काय वाटलं ते येत नाही. तुमची वही तशीच ठेवा.

डावा रकाना सोपा आहे. जन्म १८ जानेवारी १८४२, निफाड. बालपण कोल्हापुरात. १८५९ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीत. १८६२ ला बीए, १८६४ ला एमए, १८६६ ला एलएलबी. १८७१ ला पुण्यात सबजज्ज. १८७८ ला नाशिकला बदली, १८७९ ला धुळ्याला. पुढे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारण कायद्याखालची तपासणी, पुण्याचं स्मॉल कॉज कोर्ट, आणि २३ नोव्हेंबर १८९३ ला मुंबई उच्च न्यायालय. १६ जानेवारी १९०१ ला मुंबईतच मृत्यू. हे कोणत्याही कोशात मिळतं, यावर वेळ घालवू नका.

खरी मेहनत उजव्या रकान्याची आहे, आणि त्याहून जास्त दोन्ही रकाने आडवे वाचण्याची. १८७८ चं पान घ्या. उजवीकडे पुण्याच्या सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचं त्रैमासिक सुरू होतं, डावीकडे पुण्याहून नाशिकला बदली. १८७९ चं पान घ्या. उजवीकडे वासुदेव बळवंतांचं बंड आणि मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा जळाला ती आग, डावीकडे धुळ्याला बदली आणि टपालावर सरकारची पाळत. भाचीला ज्या ‘नुसत्या बदल्या’ वाटत होत्या, त्यांच्या शेजारी हे मांडलं की बदली काय असते ते दिसतं. सरकारी नोकर तुरुंगात जात नाही, त्याची बदली होते.

१८८५ च्या पानावर थोडं थांबा. डिसेंबरात गवालिया टँकवरच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचं पहिलं अधिवेशन भरलं. प्रतिनिधी ७२. रानडे तिथे होते, पण त्या ७२ मध्ये नव्हते. ते सरकारी न्यायाधीश, म्हणून प्रतिनिधी न होता हितचिंतक म्हणून बसले. माझी जुनी चूक इथेच झाली होती. माणूस खोलीत होता एवढं मी वाचलं, कुठे बसला होता ते वाचलं नाही. मवाळ माणसाच्या चरित्रात तो कुठे बसला हे फार महत्त्वाचं असतं.

निकाल वाचायला शिका

न्यायमूर्तीच्या चरित्रात त्याचे निकाल नसतील तर ते कसलं चरित्र? आपल्याकडे रानड्यांवर लिहिणारे बहुतेक जण अर्थशास्त्र, समाजसुधारणा, इतिहास यांवर पानंच्या पानं लिहितात आणि उच्च न्यायालयातली सात वर्षं दोन ओळींत उरकतात. हे मला पटत नाही. माणूस रोज सकाळी जिथे जाऊन बसत होता, ते काम आधी बघायला हवं.

१८७६ पासूनचे महत्त्वाचे निकाल ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’च्या मुंबई मालिकेत आहेत. ‘१६ मुंबई २९’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ मुंबई मालिकेचा सोळावा खंड, पान २९. १८९९ पासून ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ही आहे. कायद्याच्या कुठल्याही जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात हे खंड असतात, बहुधा सगळ्यात वरच्या फळीवर. शिडी मागून घ्या.

निकालाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात सारांश असतो. तो न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो, अहवाल करणाऱ्याने लिहिलेला असतो. तो वाचून ‘न्यायमूर्ती म्हणतात’ असं लिहू नका. आधी हकीकत वाचा, मग दोन्ही बाजूंच्या वकिलांचं म्हणणं, मग निकाल.

सुरुवातीला रानड्यांचा निकाल न घेता काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा घ्या, तो मी वर सांगितलेलाच, १६ मुंबई २९, अपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी. प्रश्न आपल्या प्रत्येक घराला समजणारा आहे. आजोबा, मुलगा, नातू एकत्र राहतात. मुलगा आपल्या बापापासून वेगळा झालेला नाही आणि त्याला व्हायचंही नाही. अशा वेळी बापाची संमती नसताना नातू वाटणी मागू शकतो का? पूर्ण पीठ बसलं. बहुमताने उत्तर दिलं, नाही. तेलंगांचं मत वेगळं पडलं. मिताक्षरा ही हिंदू वारसाहक्काच्या कायद्याची संस्कृत टीका त्यांनी मुळातून वाचलेली होती. भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर १८८२ साली त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेलं होतं. संस्कृत वचनाचा अर्थ कोणी दुसऱ्याने सांगावा आणि त्यांनी मान डोलवावी, अशी त्यांची स्थितीच नव्हती. मुंबई इलाख्यात पुढे चालला तो बहुमताचाच नियम. पण १८८९ साली एकोणचाळीसाव्या वर्षी न्यायमूर्ती झालेल्या आणि त्रेचाळीसाव्या वर्षी गेलेल्या या माणसाने त्या पिठावर बसून वेगळं मत लिहून ठेवलं आहे. ‘मवाळ म्हणजे साहेबाच्या हो ला हो’ असं कोणी म्हणालं की मी हा खंड दाखवते.

वाचताना क्रियापदं आणि विशेषणं बघा. हे मी पुस्तकात शिकले नाही, खुर्चीत शिकले. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांतले एक न्यायमूर्ती डिक्टेशन देताना एकदा म्हणाले, साक्षीदार खोटं बोलला आहे. मी पिटमनच्या लघुलिपीतल्या रेघा ओढल्या. ते थांबले, खिडकीबाहेर ओव्हलकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ते खोडा. लिहा, या साक्षीवर विसंबणं सुरक्षित नाही.” निकालात काहीच बदललं नाही, ज्याच्या विरुद्ध जायचा त्याच्याच विरुद्ध गेला. पण तो साक्षीदार गावी जाऊन तोंड दाखवू शकला. अशी शेकडो वाक्यं माझ्या हातांखालून गेली. न्यायमूर्तीचा स्वभाव बघायचा तर तो असा शब्दाशब्दांत बघावा लागतो.

रानड्यांच्या बाबतीत उच्च न्यायालयाच्या आधीचं कामही वाचा, विशेषतः दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाचं. १८७५ साली सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पसरले. १८७९ साली कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशोब तपासता येऊ लागला आणि हप्ते बांधून देता येऊ लागले. रानडे या कायद्याखाली खालच्या कोर्टांचं काम तपासत गावोगाव फिरले. अर्थशास्त्रावर बोलणारे रानडे इथून आले आहेत. तालुक्याच्या कचेरीत बसून शेकडो रोखे वाचलेला माणूस विलायतेतल्या सिद्धांतावर आंधळेपणाने विश्वास ठेवणार नाही. १८९२ चं त्यांचं भारतीय अर्थशास्त्रावरचं व्याख्यान या कामाच्या शेजारी ठेवून वाचा.

घरातली साक्ष

न्यायमूर्ती घरी कसे होते, हे सांगणारी साक्ष फार क्वचित मिळते. रानड्यांच्या बाबतीत ती आहे. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. वाचताना लक्षात ठेवा की साक्षीदार पत्नी आहे, पतीवर तिची भक्ती आहे आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर लिहिते आहे. म्हणून तिची साक्ष खोटी ठरत नाही. नवऱ्याने शिकायला बसवलं म्हणून घरातल्या बायकांची बोलणी कशी खावी लागली, हे ती सांगते तेव्हा तिच्याइतकं जवळून ते कोणीच पाहिलेलं नाही.

आणि याच साक्षीदारामुळे तुम्हाला १८७३ चं पान टाळता येणार नाही. त्या वर्षी रानड्यांची पहिली पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढचे नाव. वडिलांचा आग्रह झाला आणि डिसेंबरात त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती मुलगी म्हणजे रमाबाई. लोकांनी तेव्हाही सुनावलं, आजही सुनावतात. ते योग्यच आहे. भाचीच्या खर्ड्यात या लग्नाबद्दल ‘त्या काळच्या रूढीनुसार’ असे तीन शब्द होते. मी ते खोडायला लावले. रूढी मोडा म्हणून सांगणाऱ्या माणसाचा बचाव रूढीने करता येत नाही. लिहा: त्यांनी वडिलांपुढे मान तुकवली, आणि त्याची टीका आयुष्यभर ऐकली.

पंचहौद मिशनच्या चहाचंही तसंच. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, झालं. चहाच्या मेजावर टिळकही होते आणि गोखलेही. १८९२ ला रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक मित्रांना ते फार लागलं. दोन्ही घटना वहीत एकाखाली एक लिहा आणि मध्ये १९ वर्षांचं अंतर ठेवा. एकदा मान तुकवली ती अपवाद म्हणता येते. दोनदा तुकवली की चरित्रकाराला त्यावर विचार करावाच लागतो.

विरोधकाचं वाचल्याशिवाय लिहू नका

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे. ओळखपत्र न्या, कशासाठी बघायचं आहे ते अर्जात स्वच्छ लिहा आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवा. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतं याचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे सरकार करून घेत असे. ते तिथे आहेत. त्यातून तारीख मिळाली की मूळ मराठी मजकूर शोधणं सोपं जातं. गोषवाऱ्यावर थांबू नका, मराठीतला टोमणा इंग्रजीत येताना भुसभुशीत होतो.

एक सावधगिरी. या इमारतीसमोर उभं राहून ‘इथेच रानडे शिकले’ म्हणून फोटो काढू नका. ते शिकले तेव्हा ही इमारत नव्हतीच, कॉलेज इथे १८८० च्या दशकाच्या अखेरीस आलं.

१८९५ ची कात्रणं नक्की बघा. राष्ट्रसभा पुण्यात भरायची होती. तिच्याच मांडवात दरवर्षी रानड्यांची सामाजिक परिषद भरत असे. टिळकांच्या बाजूने विरोध पेटला, मांडव मिळू नये म्हणून पुणं पेटलं. रानडे तेव्हा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते. त्यांनी भांडण तोडलं, परिषद दुसरीकडे हलवली आणि तिथे ती पार पाडली. याला माघार म्हणायचं की काम वाचवणं? दोन्ही बाजूंचे अग्रलेख वाचा, मग ठरवा. माझं मत विचाराल तर परिषद भरली, हे मी आधी लिहीन.

पायांनी वाचायच्या जागा

यावर फार लिहीत नाही, एका सकाळचं काम आहे. प्रार्थना समाजाच्या मंदिरापासून सुरुवात करा. आज तो नुसता बसथांबा होऊन राहिला आहे, चढणारे-उतरणारे नाव घेतात आणि कोणाला काही आठवत नाही. समाज १८६७ चा, रानडे आणि भांडारकर थोडे मागाहून आले. तिथून चर्चगेटला रानड्यांचा पुतळा, आणि ओव्हल ओलांडून उच्च न्यायालय. ही इमारत १८७८ ला पुरी झाली, जानेवारी १८७९ पासून इथे काम सुरू आहे. म्हणजे रानडे, तेलंग, तय्यबजी याच जिन्यांवरून गेले आहेत. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत, खालून मान वर करून बघा. खुल्या कोर्टात कोणालाही बसता येतं, दारावर ओळखपत्र दाखवून पास करून घ्यावा लागतो. मोबाइल बंद ठेवा. न्यायमूर्ती येताना पुढे चोपदार चालतो, त्या वेळी उठून उभे राहा. बोर्डावरची दहा प्रकरणं पुकारली जाईपर्यंत तरी हलू नका. कंटाळा येईल. तो यायलाच हवा, कारण तुमच्या चरित्रनायकाचे बहुतेक दिवस असेच गेले.

सगळ्यात अवघड पान

४६ नंबरच्या कोर्टाबाहेर टिळकांचे १९०८ चे उद्गार कोरलेले आहेत. प्रत्येक मराठी माणूस तिथे थांबतो, मीही नोकरीत असताना रोज थांबत असे. पण रानड्यांच्या चरित्रकाराला अकरा वर्षं मागे जायचं आहे.

जुलै १८९७ च्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन दिला नाही. २९ जुलैला उच्च न्यायालयात अर्ज आला, न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे. त्यांनीही जामीन नाकारला. २ ऑगस्टला खटला सेशनकडे गेला, अर्ज पुन्हा झाला, या वेळी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे. टिळकांच्या वतीने वकील दिनशा दावर उभे राहिले. तय्यबजींनी जामीन दिला.

रानड्यांवर लिहिणारे पुष्कळ जण हे पान गाळतात. टिळकांवर लिहिणारे काही जण हेच पान उघडून, जुन्या वैराचा सूड म्हणून दाखवतात. तुम्ही दोन्ही करू नका. रोजनाम्याची शिस्त इथे कामाला येते. हुकूम कोणाचा? दोघांच्या पिठाचा. हुकमात काय? जामीन नाही, पण पुन्हा अर्ज करायला मुभा. त्या दिवशी खटल्याची पायरी कोणती? अजून सेशनकडे गेलेला नव्हता. चार दिवसांनी ती पायरी बदलली आणि सोडलेल्या त्याच दारातून दुसरा अर्ज आत आला. हे सगळं लिहा. मग हेही लिहा की ज्या माणसाशी गेली दोन वर्षं जाहीर वाद चालला होता, त्याचा अर्ज रानड्यांपुढे होता आणि त्या दिवशी तो माणूस कोठडीतच राहिला. मनात काय होतं ते लिहू नका. ते कागदावर नाही.

भाचीने मला विचारलं, “मावशी, तुला काय वाटतं? द्यायला हवा होता?” मी तिला म्हटलं, मला वाटतं द्यायला हवा होता. तय्यबजी राष्ट्रसभेचे माजी अध्यक्ष, १८८७ चे, म्हणजे सरकारच्या डोळ्यांत तेही खुपणारेच होते आणि तरी त्यांनी दिला. पण हे माझं मत तुझ्या लेखात रानड्यांच्या तोंडी जाता कामा नये. आणि खाली समासात एवढं जोड की जामीन मागणारे दावर पुढे स्वतः न्यायमूर्ती झाले, आणि १९०८ साली त्यांनीच टिळकांना जामीन नाकारून सहा वर्षांची शिक्षा दिली. खुर्ची बदलली की माणसाच्या हातून काय होतं, हे त्या एका नोंदीत आहे.

वहीची शेवटची पानं

डिसेंबर १९०० ला लाहोरला राष्ट्रसभा भरली. रानडे आजारी होते, सामाजिक परिषदेला जाऊ शकले नाहीत. त्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर. रानडे १६ जानेवारीला गेले, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्याच वर्षी चंदावरकर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. डावा रकाना रानड्यांपाशी संपतो आणि त्यांच्यापाशी सुरू होतो, म्हणून त्यांचं नाव त्याच पानावर लिहून ठेवा.

उजवा रकाना मात्र तिथे बंद करू नका. रानडे गेल्यावर टिळकांनी ‘केसरी’त काय लिहिलं ते मिळवा, पूर्ण अग्रलेख, अवतरणं नव्हेत. १८ जानेवारी १९४३ ला, एकशे एकाव्या जयंतीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात रानड्यांवर व्याख्यान दिलं, तेही मिळवा. एक आयुष्यभराचा विरोधक, आणि एक असा माणूस ज्याला कोणाचीही भीड बाळगायचं कारण नव्हतं. हे दोन्ही मजकूर वाचून झाले की वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचा, पेन्सिल हातात घेऊन. भाची सध्या या टप्प्यावर आहे. काल रात्री तिचा फोन आला होता. १८७९ च्या पानावर तिला धुळ्याच्या बदलीची तारीख अजून पक्की करायची आहे, म्हणून सोमवारी ती पुन्हा पुराभिलेखागारात जाणार आहे.